माहेरचे साचे आणि दोन डिस्क

पेणच्या दुकानदाराने माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब गाडी लावतायत का?"

साहेब म्हणजे माझा नवरा. तो त्या वेळी रोह्याला शाळेत सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवत होता, आणि हार्ड डिस्क कशाशी खातात हे त्याला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "साहेब नाहीत. मी आहे. माझ्याशी बोला." तर हा म्हणतो, "मुलाच्या गेमसाठी पाहिजे का?"

मी रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत सोळा वर्षं सर्व्हर सांभाळते. प्लांट चालू राहायला जी यंत्रं लागतात ती माझ्या हाताखाली असतात. पण पेणच्या बाजारात काउंटरच्या अलीकडे उभी राहिले की मी कुणाची तरी बायको नाहीतर कुणाची तरी आई. हे माझ्या डोक्यात जातं, आणि मग माझी जीभ जरा जास्तच चालते. मी म्हटलं, "तुम्ही मॉडेल नंबर दाखवा, बाकीची चौकशी पोलीस करतील."

त्याने जी डिस्क पुढे सरकवली ती नेमकी नको असलेलीच होती. या स्वस्त डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळच्या ओळ उचलावी लागते. घरचे फोटो ठेवायला ठीक आहे. पण दोन डिस्कची जोडी लावली, त्यातली एक मेली आणि नवीवर सगळं पुन्हा उतरवायची वेळ आली, की ही बया दिवसचे दिवस कुथत बसते, आणि तेवढ्यात दुसरीही मान टाकू शकते. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं. नंबर घेऊन स्वतः शोधावं लागतं, ते मी आधीच शोधलेलं होतं.

"सगळ्या डिस्क सारख्याच असतात, मॅडम."

"सगळे दुकानदार पण," मी म्हटलं. शेवटी त्याने आतल्या कपाटातून हवी ती काढली, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. एकच घेतली तर म्हणतो, दोन घ्या ना, जोडी शोभेल. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन डिस्क पुष्कळदा एकाच सुमाराला मरतात, म्हणून जोडीतली दुसरी वेगळ्या बनावटीची, वेगळ्या दुकानातून घ्यायची. मी ती रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमी गावात घेतली. तिथल्या माणसाने निदान साहेब कुठे ते विचारलं नाही. त्याने विचारलं, "बिल कुणाच्या नावाने?"

हा सगळा उपद्व्याप माझ्या बाबांच्या हातासाठी चालला होता.

माझं माहेर पेणजवळच्या हमरापूरचं. तिथे घराघरांत गणपतीचे कारखाने. आमच्याकडे बाबा मॉडेल करायचे, म्हणजे मातीची पहिली मूर्ती, जिच्यावरून रबराचा साचा घेतात. दर वर्षी दिवाळीनंतर एक नवं. साचा नीट उतरला, बोटांच्या पेरांपर्यंत सगळं उठलं, की त्याच दिवशी मॉडेल मोडायचं आणि माती परत हौदात. साचा झाला की मूळ ठेवायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मूळ राहिलं तर त्यावरून कुणीतरी दुसरा साचा मारील ही भीती, आणि माती लागायचीच. बाबा हात जोडायचे, मग पहिला हात स्वतःच घालायचे. कुणालाही वाईट वाटायचं नाही. त्या हौदातली माती मीही तुडवलेली आहे.

दुसरी रीत अशी की साचा घराबाहेर जात नाही, आणि मुलीबरोबर तर नाहीच नाही. माझ्या आत्याने म्हणे लग्नानंतर माहेरचा एक साचा नेला, आणि पुढच्या वर्षी तोच गणपती तिच्या सासरच्या गावात दुसऱ्याच्या नावाने विकायला उभा. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की आत्या गेली त्या दिवशीही कुणीतरी ती सांगितली. बिचारी आडवी होती, नाहीतर उठून दोन शब्द बोलली असती.

मग बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मॉडेल करणं सुटलं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तेवढी जमायची, तीही सकाळी गोळी घेतल्यावर तासभर. तो तास संपला की ब्रश खाली ठेवायचे आणि हात मांडीखाली दाबून बसायचे. मला ते बघवायचं नाही. मी ठरवलं, यांच्या हातातून जे उतरलंय ते सगळं जमवून ठेवायचं.

प्रत्येक साच्यातून निघालेला पहिला प्लास्टरचा नग बाबा नमुना म्हणून माळ्यावर ठेवत. असे एकेचाळीस नग होते. मी हातात धरायचा स्कॅनर मिळवला आणि सात-आठ महिने दर रविवारी वरसेच्या माझ्या घरून हमरापूरला जाऊन एकेक करून सगळे नग सगळ्या बाजूंनी स्कॅन केले. अशा स्कॅनवरून मूर्ती यंत्राने पुन्हा छापून नवा साचा घेता येतो. सकाळच्या त्या एका तासात बाबांचे आखणीचे व्हिडिओ घेतले, एक कॅमेरा डोळ्यावर, एक मनगटावर. कुठे थांबतात, ब्रश कसा फिरवतात, श्वास कधी धरतात, सगळं त्यात होतं. माझा थोरला दादा कारखाना चालवतो. तो येता-जाता म्हणायचा, "सिनेमा काडतेस काय गो?" काढते म्हटलं, व्हिलनच्या कामाला ये.

ओल खाऊन त्या नगांची नाकं-बोटं झडायला लागली होती. स्कॅन पुरे झाल्यावर पावसाच्या आधी दादाने ते सगळे खाडीत विसर्जित केले. मला विचारलं नाही. रीतीप्रमाणेच केलं त्याने. माप घेऊन झालं होतं, मग मूळ कशाला ठेवायचं? पण रबराचे साचे काही वर्षांत फाटतात, त्यामुळे आता ते एकेचाळीस गणपती फक्त कारखान्यातल्या एका जुन्या संगणकात होते, आणि त्याची डिस्क टकटक आवाज करत होती. डिस्कने असा आवाज करायला लागणं म्हणजे निरोपाची भाषा असते.

म्हणून मी सर्व्हर बांधायला घेतला. तयार मिळणारे दोन डिस्कचे डबे असतात, दिसायला गोजिरवाणे आणि आतून मतिमंद. ते मी लगेच बाद केले. कंपन्यांतून निघालेले मोठे सर्व्हर स्वस्तात मिळतात, पण त्यांचे पंखे इतके ओरडतात की घरात गिरणी घातल्यासारखं वाटतं. मी मधला मार्ग काढला. एका ऑफिसातून निघालेली दोन सारखी जुनी वर्कस्टेशन घेतली. त्यांना चुका दुरुस्त करणारी मेमरी चालते. साध्या मेमरीत एखादा ठिपका इकडचा तिकडे झाला तर तो तसाच डिस्कवर लिहिला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. ही मेमरी तो पकडते. नवरा म्हणाला, "आमच्या चुका पकडायला तू आहेसच." त्याला मी डिस्कचे स्क्रू धरायला लावलं.

एकाच यंत्राच्या पोटात तीन वेगळी यंत्रं चालवायची असा बेत होता. एक साठवणुकीचं, एक दादाच्या ऑर्डरींचं, एक कारखान्याच्या कॅमेऱ्यांचं. एकात घाण झाली तरी दुसऱ्याला लागत नाही. दोन्ही डिस्कवर प्रत्येक गोष्ट एकाच वेळी लिहिली जाईल, म्हणजे एक मेली तरी दुसरी शाबूत. शिवाय रोज एकदा त्या दिवसाची स्थिती गोठवून ठेवायची आणि सहा आठवडे जपायची. कुणी चुकून काही पुसलं तर सहा आठवड्यांत मागे जाऊन उचलता येतं.

यंत्रं दोन घेतली, कारण खरी राखण दुसऱ्या गावातच होते. एक हमरापूरला कारखान्यात कामाला, दुसरं वरसेला माझ्या घरी, आणि पहिल्याची प्रत रोज दुसऱ्यावर. दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्या की आग, पाणी, वीज आणि माणसं दोघींना एकदमच गाठतात. कारखान्यात तर प्लास्टरची धूळ. पंखा ती आत ओढतो, पावसात ती ओल धरते आणि आत लेप बसतो. हे मी कंपनीत नव्या आलेल्या पोरांना तोंडपाठ सांगते. दादाला सांगायला गेले तिथे माती खाल्ली.

ओट्यावर बसलो होतो. बाबा खुर्चीत, दादा पायरीवर. वहिनी चहा ठेवून आत गेली, पण दाराआडच थांबली. मी दोन्ही खोकी दाखवली आणि बेत सांगितला.

"म्हंजे बाबांची सगळी मॉडेलं तुज्या घरात ठेवायची," दादा बोलला.

"प्रत ठेवायची. कुलूपबंद. माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही."

"तेच बोलतोय मी. तुज्याशिवाय कोन उघडनार!"

"मग किल्ली तू घे."

"कुलूप तू बनवनार आनि किल्ली मला देनार व्हय? मला काय येडा समजतेस?"

"कारखान्यात पाणी शिरलं तर काय करशील?"

"आजवर नाय शिरलं."

"उद्या शिरलं तर?"

"मंग माजं जाईल. तुजं काय जातंय गो त्यात? तू वरसेची झालीस."

सतरा वर्षं मी वरसेला राहते आणि तिथे मला अजून हमरापूरची म्हणतात. इथे आले की वरसेची. मी काही बोलायच्या आत दाराआडून वहिनी म्हणाली, "आत्याबाई पन असंच बोलायच्या म्हनतात. परत देते, परत देते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आठ महिने रविवार घातले, पदरच्या पैशाने सामान आणलं, त्या पेणच्या माणसाचे टोमणे खाल्ले, आणि माझा मान काय, तर मेलेल्या आत्याच्या शेजारी पाट मांडून बसवलं. खरं तर तेव्हाच चहा पिऊन गप्प घरी जायला हवं होतं. घरून संगणकावर एका ओळीची आज्ञा लिहून सगळं वरसेला ओढून घेता आलं असतं. दादाला सात जन्मांत कळलं नसतं. पण मला तेव्हा शहाणपणापेक्षा अपमान मोठा वाटला.

दादा म्हणाला, "बाबांच्या समोर बोल. एक फाईल पन नेनार नाय."

"नाही नेत. आजपर्यंत नेली नाही आणि यापुढेही नेणार नाही. ठेव तुझं तुझ्या घरात. झालं समाधान?"

"चा थंड होतोय," बाबा बोलले.

तेवढ्यावर मी थांबले नाही. स्कॅन करताना लागलेल्या काही कच्च्या फायली माझ्या लॅपटॉपवर राहिल्या होत्या. त्या मी दादाला शेजारी बसवून पुसल्या, रिकामी कचरापेटी त्याच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "दिसतंय ना? की चष्मा आणू?" मला वाटलं मी त्याला लाज आणतेय. तो शांतपणे मान हलवत होता, हिशेब पटल्यासारखा.

हमरापूरचं यंत्र, दादाच्या भाषेत डबा, आतल्या खोलीत एका टेबलावर लावलं, जुन्या संगणकातलं सगळं त्यात उतरवलं (त्याची टकटकणारी डिस्क पुढच्याच आठवड्यात मेली), पंख्यापुढे जाळीचं कापड बांधलं, वीज गेली तर काही मिनिटं धरून ठेवील अशी बॅटरी जोडली. स्कॅनच्या फोल्डरला मी पुसण्याची बंदी घातली होती. ते दादाच्या लक्षात आलं. "माज्याच घरात मला कुलूप?" मी म्हटलं, घे बाबा, आणि बंदी काढली. त्याला सगळे हक्क दिले. डबा भरत आला किंवा डिस्क आजारी पडली तर इशाऱ्याचा मेल माझ्या पत्त्यावर यायचा. तो पत्ताही मी काढून टाकला. वरसेच्या माणसांनी कशाला मधे नाक खुपसायचं! ही सगळी कामं मी कंपनीत कुणी केली असती तर त्याला केबिनमध्ये उभं केलं असतं.

वरसेला दुसरा डबा मी तरीही लावला, घरी पडून असलेली एक मोठी डिस्क घालून. घरचे फोटो, नवऱ्याचे नकाशे आणि माझ्या सरावाची दोन-तीन आभासी यंत्रं त्यात ठेवली. एवढ्या मोठ्या डिस्कच्या तळालासुद्धा ते पुरलं नाही. नवरा एकदा म्हणाला, "अगं, बाकीची जागा वाया जाते." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

दोन-तीन महिने गेले. दादाने कारखान्यात कॅमेरे बसवून घेतले. मी दोन सांगितले होते, त्याने आठ लावले. शेजारचे येऊन मूर्तींचे फोटो काढतात, असा त्याला संशय. कॅमेरे लावणाऱ्याने जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाण्याची मर्यादा उठवून दिली. आठ डोळे दिवसरात्र अंगण बघत बसले आणि डबा भरत गेला.

एका दुपारी मी प्लांटमध्ये होते. एक सर्व्हर बसला होता आणि तीन साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. तेवढ्यात दादाचा फोन. भांडणानंतरचा पहिलाच.

"डबा भरला बोलतोय. स्क्रीनवर लाल पट्टी हाय. काय काडू?"

माझ्या मनात आलं, आता आली का आठवण. मी म्हटलं, "तुझं घर, तुझा डबा. मला कशाला विचारतोस?"

"नाय, जुनं काडू का बोलतोय."

"काढ. काय काढायचं ते काढ. मला कामं आहेत."

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. अगदी पाच मिनिटं छान वाटलं.

त्या वर्षी गणपतीत मी हमरापूरला गेले नाही. बाबांशी फोनवर बोलायचे, गोळी घेतली का, जेवलात का. दिवाळी झाली. मग मार्गशीर्षात दादाचा पुन्हा फोन आला. एका जुन्या गिऱ्हाइकाला बाबांचा एक फार जुना गणपती हवा होता, मांडी घालून बसलेला, सोंड किंचित वळवून मोदकाकडे बघणारा. त्याचा साचा फाटलेला होता. स्कॅनवरून नवा करायचा तर फाईल सापडत नव्हती. "तुज्या डब्यात काय सापडत नाय," तो म्हणाला. बिघडला की डबा माझा.

मी रजा टाकली आणि गेले. खुर्चीत बसून नोंदी उघडल्या. त्यात सगळं शिस्तीत लिहिलेलं होतं. फोन झाला त्याच दिवशी आधी बाबांचे व्हिडिओ गेले होते, कारण कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याला दिसणाऱ्या फोल्डरात नव्हतंच, आणि तिथे सगळ्यांत मोठे तेच. मग ज्या आठ-दहा मूर्तींचे दादाने स्कॅनवरून नवे साचे करून घेतले होते त्या गेल्या. मी त्याला विचारलं, का पुसल्यास? तो माझ्याकडे खरोखर न कळल्यासारखा बघत राहिला. "साचे झाले ना गो त्यांचे. मंग मूळ कशाला ठेवायचं?"

आणि बाकीच्या तिसेक?

पुसूनही लाल पट्टी गेली नाही म्हणाला. जाणार कशी? मी डब्याला सहा आठवडे मागचं गोठवून ठेवायला सांगितलं होतं. दादाने पुसलेलं सगळं डब्याने आत जपून ठेवलं होतं, म्हणून जागा मोकळी होत नव्हती. दादाला वाटलं अजून काढायला पाहिजे. म्हणून जे गणपती आता चालत नाहीत ते काढले. तरी लाल. मग उरलेले काढले. सहा आठवडे तो डबा प्रत्येक मूर्ती धरून बसला होता. त्या सहा आठवड्यांत मी एकदा जरी त्यात डोकावले असते तर बसल्या जागी सगळं परत आलं असतं. मुदत संपली तशी जागा आपोआप मोकळी झाली, पट्टी हिरवी झाली. दादा म्हणाला, "मला वाटलं, जमलं मला."

दुसऱ्या डिस्कवर असेल म्हणून तो बोट दाखवायला लागला. "दोन हायेत ना त्यात? तू बोललीस एक मेली तर दुसरी." मेली नव्हती कुठलीच. दोन्ही ठणठणीत होत्या. एकीवर पुसलं ते दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं, हेच त्यांचं काम. वेगवेगळ्या बनावटीच्या, पारखून घेतलेल्या, न कुरकुरणाऱ्या दोन उत्तम डिस्क. दोन्ही काढून मी वरसेला नेल्या आणि पुसलेलं उकरून काढायचे सगळे उपाय केले. आठवडाभर केले. मोकळ्या झालेल्या जागेवर महिनोन्‌महिने कॅमेऱ्यांनी लिहिलं होतं. बाबांच्या मनगटाच्या जागी आमचं अंगण निघालं. कोंबड्या, वाळत घातलेली गोधडी, बंद दार. तेच दार आठ कोनांतून.

रविवारी डिस्क परत घेऊन गेले. बाबा ओट्यावर त्यांच्या खुर्चीत होते, उजवा हात मांडीखाली. गोळीचा तास आता पंधरा मिनिटांवर आला होता आणि आखणी वहिनी करत होती. मी दादाला अंगणातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. गाढवा म्हटलं, अडाणी म्हटलं. आत्याने एक साचा नेला तर तिला मसणापर्यंत बोल लावलात, तू एकेचाळीस बुडवलेस, तुला कोण काय बोलणार, असंही म्हटलं. तो एरवी माझ्यावर दोन शब्द चढ बोलतो. त्या दिवशी तो चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला आणि एकदाच बोलला, "मी इचारलं होतं तुला." हे खरं होतं, म्हणून मी आणखी जोरात ओरडले.

"कशाला वरडतेस गो त्याच्यावर?" बाबा वरून म्हणाले. आवाजात काळजी अजिबात नव्हती. "गेलं तर गेलं त्याच्याकडचं. तुज्याकडं हाय ना."

मला आधी कळलंच नाही. "माझ्याकडे काय?"

"सगळं. तुज्या घरच्या मशिनीत."

"माझ्याकडे नाही, बाबा. मी नेलं नाही."

"आता त्याच्यापासून काय लपवतेस," ते हसले. "दे त्याला. नाय बोलनार तो काय."

"बाबा, मी तुमच्यासमोर शब्द दिला होता."

"दिला, तो त्याला गप करायला. मला काय कळत नाय? ल्हानपनी तुला हौदाजवळ जाऊ नको बोल्लो की तू आत उतरलेली असायचीस. मी त्याच दिवशी समजलो, पोरीनं नेलं, आता माजं काम जात नाय. म्हनून तर मी निवांत बसलो होतो."

दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर आशा होती. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ देवाकडे मागत होता की मी चोर निघावी.

"नाही नेलं, बाबा," मी म्हटलं. "खरंच नाही. एकही नाही."

मांडीखालचा हात कधी सुटला ते बाबांना कळलं नाही. तो खुर्चीच्या दांड्यावर वाजत राहिला.

"एवडी ऐकायला कवापासून लागलीस गो तू?"